हिरवी रेघ आणि साहेबांचा खोकला

साहेबांच्या कॉम्प्युटरला अंगभर कपडे होते. मॉनिटरला एक, सीपीयूच्या डब्याला एक, की-बोर्डला एक. तिन्ही एकाच फुलाफुलांच्या कापडाचे, कडेला झालर लावलेले. माईकलाही टोपी शिवायचं घरात घाटत होतं, पण टोपी शिवून होण्याआधीच माईक बदनाम झाला.

ज्या खोलीत हे यंत्र बसवलं होतं, तिथे पूर्वी धानाची पोती असायची. आता दारावर इंग्रजीत ‘कॉम्प्युटर रूम’ अशी पाटी होती आणि आत जाताना चपला काढाव्या लागत. धान होतं तेव्हा सगळे चपलांसकट आत जात.

साहेब म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे भासरे, तिच्या नवऱ्याचे मोठे भाऊ. जंगल खात्यात अधिकारी होते. एटापल्लीकडे बरीच नोकरी झाली आणि शेवटी गडचिरोलीत येऊन ते निवृत्त झाले. निवृत्ती अंगावरच्या वर्दीपुरती झाली. घरात त्यांना सगळे साहेबच म्हणत. बायको म्हणे, सख्खा धाकटा भाऊ म्हणे, आणि माझी खात्री आहे की एकटे असताना ते स्वतःलाही तशीच हाक मारत असावेत.

दोघा भावांनी एकाच प्लॉटवर घर बांधून मध्ये एक भिंत घातली होती. अलीकडे साहेब, पलीकडे बहीण आणि भाऊजी. आंगण सामाईक. भिंत एका विटेची, म्हणजे इकडे कुणी शिंकलं तर तिकडे कळे.

बहिणीला मी बाई म्हणतो. बाईचा गळा लहानपणापासून आमच्या गावात माहीत होता. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली की बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, वाकलेल्या बायका तिनं गाणं सुरू करायची वाट पाहत. लग्नघरी हळदीच्या दिवशी तिला दुसऱ्या गावाहून बोलावणं येई. ती कुठे शिकली नव्हती आणि तिला कुणी गायिका म्हटलं असतं तर तिनं त्या माणसाकडे संशयानं पाहिलं असतं. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांत कधीतरी, तिच्या गळ्याला गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं की गाठ साधी आहे, पण काढावी लागेल. आणि जाता जाता सांगितलं की आवाजाची नस तिथूनच जाते, बहुतेकांना काही होत नाही, एखाद्याचा आवाज बदलतो.

मी तेव्हा चंद्रपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. बाईचा निरोप आला म्हणून एसटीनं मूल, सावली ही गावं करत वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीला पोचलो. तिनं चहा ठेवला आणि सरळ मुद्द्यावर आली.

“बाबू, मले माहा आवाज भरून दे.”

“कायले वो बाई? डॉक्टर तं म्हणते काही होत नाई.”

“होत नाई तं चांगलंच हाये. पण झालं तं? मी जल्मभर गायली, पण माहा आवाज कसा हाये, मलेच माहीत नाई. जाच्या आधी एकडाव आयकून घेतो. राह्यला तं राह्यला.”

तिनं कुणाकडे काही मागितल्याचं मला तोवर आठवत नव्हतं. तिनं जे मागितलं होतं, ते चार दिवसांत द्यायचं होतं. सोमवारी ती नागपूरला निघणार होती.

मी कॉलेजातून मागून आणलेला टेपरेकॉर्डर पिशवीतून काढला. तेवढ्यात भाऊजी आत आले. भाऊजी चांगला माणूस होता. त्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि त्याचा त्रास नेहमी दुसऱ्याला व्हायचा. टेप पाहून ते आनंदानं साहेबांना सांगायला गेले. पाच मिनिटांत भिंतीपलीकडून हाक आली, “पावने, इकडे या.”

साहेब खुर्चीत होते. टेपकडे त्यांनी जप्त केलेल्या लाकडाकडे पाहावं तसं पाहिलं.

“टेप? त्याले बुरशी लागते जी. आमच्याकडे कॉम्प्युटर असताना टेप? लोक काय म्हणतीन?”

“लोकांना कळणार कुठून, साहेब?”

“मीच सांगणार हावो ना. आपण सीडी काढू. लोकसंस्कृतीचा ठेवा हाये पावने हा. अशा गोष्टी शास्त्रशुद्ध झाल्या पायजेत.”

मी विरोध करू शकत होतो, पण डॉक्टरची वेळ साहेबांच्या ओळखीनं मिळाली होती आणि नागपूरला न्यायची जीपही साहेबांचीच होती. या दोन गोष्टी कुणी बोलून दाखवत नव्हतं. साहेबांना न बोलता दाखवण्याची कला चांगली अवगत होती. त्यांनी नुसतं खिडकीतून जीपकडे पाहिलं. टेप पिशवीत गेला.

कॉम्प्युटर त्यांनी स्वतःच्या नोकरीच्या आठवणी लिहायला घेतला होता. आत्तापर्यंत शीर्षक टाईप झालं होतं. ते पडद्यावर तीन प्रकारच्या अक्षरांत होतं, कारण अक्षर कोणतं घ्यावं याचा निर्णय व्हायचा होता. माईक मात्र नवा होता. डोक्यावर घालायच्या हेडफोनला तोंडापुढे वळवलेली काडी आणि काडीच्या टोकाला स्पंजचा गोळा.

आमच्या झाडीपट्टीत माईक कसा तपासतात हे कुणाला शिकवावं लागत नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिची नाटकं होतात आणि पडदा उघडायच्या आधी अर्ध्या गावानं माईकवर टिचकी मारून फुंकर घातलेली असते. साहेबांनी टिचकी मारली, फुंकर घातली आणि “हॅलो, हॅलो” म्हटलं. पडद्यावरच्या काळ्या चौकटीत हिरवी रेघ होती. आवाज आला की ती फुगते, नसला की आडवी पडून राहते. ती आडवीच राहिली.

“मशीन खराब दिलं त्यानं,” साहेब म्हणाले. ‘त्यानं’ म्हणजे ज्यानं विकलं त्यानं. साहेबांच्या जगात कोणतीही गोष्ट बिघडत नसे, कुणीतरी बिघडवलेली असे.

मी डब्याच्या मागे वाकून पाहिलं. मागे तीन भोकं होती, हिरवं, निळं आणि गुलाबी. माईकची गुलाबी तार हिरव्या भोकात होती. ती गुलाबीत घातली. रेघ हलली, पण इतकीच, की कुणी झोपेत कूस बदलावी.

मग आवाजाची पट्टी उघडली. ती साहेबांनी आधीच वरपर्यंत नेऊन ठेवली होती आणि तरी आवाज का वाढत नाही म्हणून त्यांचा राग वाढला होता. मी सांगितलं की ही पट्टी ऐकण्याची आहे, भरण्याची वेगळी असते, ती आत लपलेली असते.

“एका आवाजाले दोन बटना कायले लागतात जी?”

“बोलणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा असतो म्हणून, साहेब.”

हा फरक त्यांना नवा होता. मी पर्यायांत शिरलो, रेकॉर्डिंग निवडलं, तिथे माईकची पट्टी तळाला बसली होती ती वर केली. खाली ‘अॅडव्हान्स्ड’ असं बटण होतं, त्याच्या आत बूस्टचा चौकोन होता, त्यात टिक केली. साहेबांनी पुन्हा “हॅलो” म्हटलं आणि रेघ चौकटीला भिडली.

पुढे साहेबांनी प्रास्ताविक केलं. घरात ते आमच्यासारखंच बोलत. माईकपुढे मात्र ते एकदम पुस्तकी मराठीत शिरले. “या घनदाट अरण्याच्या कुशीत वसलेल्या आपल्या जिल्ह्याची ही अमूल्य सांस्कृतिक संपदा,” असं करत ते सूरजागडच्या डोंगरावर चढले, तिथून स्वतःच्या बदल्यांवर उतरले, आणि त्यांना मिळालेल्या एका प्रशस्तिपत्रकापाशी येताच ठक्‌ करून रेकॉर्डिंग थांबलं. तो प्रोग्राम एका मिनिटात आपोआप थांबत असे. त्या यंत्रातला तेवढा एक गुण मला मनापासून आवडला.

दुसऱ्या दिवशी बाईला बोलावलं. ती आली, दाराशी चप्पल काढली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खाली पाटावर बसली. कॉम्प्युटरपुढची खुर्ची रिकामी होती. साहेब बाजूच्या खुर्चीत होते. भासऱ्यासमोर भाऊसून खुर्चीत बसत नाही, हे तिनं सांगायची गरज नव्हती आणि आम्ही विचारायचीही. त्यामुळे पहिली अडचण तारेची आली. तार पाटापर्यंत पोचेना. डबा टेबलावरून खाली जमिनीवर ठेवावा लागला. साहेबांना ते इतकं लागलं की त्यांनी डब्याखाली घडी केलेली सतरंजी घालायला लावली. बाई पाटावर, डबा सतरंजीवर, साहेब खुर्चीवर.

“हं, करा सुरू,” साहेब म्हणाले.

बाईनं भिंतीकडे तोंड केलं आणि गायली. मला ऐकू येत होतं, म्हणजे मला गाणं पाठ होतं म्हणून मी ते ऐकत होतो. रेघ आडवी. भरलेलं परत वाजवलं तर काही नाही. मी पट्ट्या तपासल्या. बूस्टची टिक जागेवर होती. काडी तिच्या ओठांजवळ सरकवली, पदर जरा बाजूला घ्यायला सांगितला. तिनं बोटभर बाजूला घेतला. पुन्हा गायली, पुन्हा तेच.

मग गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कॉम्प्युटर क्लासवाल्याला बोलावणं गेलं. तो आला, खुर्चीत बसला, माऊस गोल फिरवला आणि दोन मिनिटांत निदान केलं.

“साउंड कार्ड वीक हाये साहेब. ड्रायव्हर करप्ट. फॉरमॅट मारावा लागते.”

“फॉरमॅटनं काय होते?”

“सगळं साफ होते.”

“माह्या आठवणी?”

“त्याही साफ.”

शीर्षक जाण्याच्या भीतीनं साहेबांनी फॉरमॅटला नकार दिला. क्लासवाला दुखावला, तरी आपल्याकडचा नवा हेडफोन देऊन गेला आणि एका मिनिटात न थांबणारा दुसरा प्रोग्राम टाकून गेला. त्याच्याकडून झालेलं भलं तेवढंच. साहेबांनी लगेच प्रास्ताविक पुन्हा पूर्ण भरलं. या वेळी कुणी थांबवलं नाही. रेघ उत्तम भरली.

नवा माईक बाईपुढे धरला. रेघ आडवी.

मी सगळ्या पट्ट्या होत्या तेवढ्या वर नेल्या. आता यंत्रानं जे काही ओढता येईल ते ओढलं. वाजवून पाहिलं तर आधी सगळीकडून भुसा सांडल्यासारखी खरखर, त्यात मागच्या गल्लीतल्या चक्कीचा पट्टा स्वच्छ, भिंतीवरची पाल, साहेबांच्या खुर्चीचं कुरकुरणं, माझं नाक. बाई सोडून सगळं घर त्यात भरलं होतं. ती त्या खरखरीच्या तळाशी कुठेतरी होती.

साहेब मागे रेलले. “पावने, मशीनले दोष देऊन राह्यले तुमी. माहा आवाज बराबर भरते. तुमचा भरते. मंग दोष कुठी हाये? गाठीनं आवाज खाल्ला. गळ्यातच दम नाई राह्यला, तं मशीन काय करन?”

हे बाईसमोर म्हटलं. म्हणजे तिला म्हटलं नाही, तिच्यावरून म्हटलं, जसं ते नेहमी बोलत. ती पाटावरून उठली, पदर सावरला आणि गेली.

मी मागोमाग पलीकडे गेलो. ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. वर न पाहता हळू आवाजात म्हणाली, “खरंच गेला काय गा बाबू? आताच?”

“नाई बाई. माईकचा घोळ आहे.”

“दोन-दोन माईक खराब हायेत?”

मला स्वतःलाही तीच शंका येऊ लागली होती. मी पिशवीतला टेप काढून तिच्यापुढे ठेवला. तिनं भिंतीकडे पाहिलं आणि नाइलाजानं मान डोलावली. भिंत एका विटेची होती. तिथेही ती हळूच गायली. टेपमध्येही खरखर आली. मी म्हटलं, टेप जुना आहे. दोन माईक, एक साउंड कार्ड आणि एक टेप अशा चौघांवर मी आळ घेतला होता, आणि ज्याच्यावर घ्यायला हवा होता तो भिंतीपलीकडे पान खात होता.

शनिवारी सकाळी पुन्हा बसलो. साहेब म्हणाले होते की शेवटचा प्रयत्न करू, मी स्वतः लक्ष घालतो. त्यांनी आतापर्यंत काय घातलं होतं, हे मी विचारलं नाही. बाई पाटावर, रेकॉर्डिंग चालू, रेघ आडवी. तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी “साहेब हायेत काय?” असं विचारलं. कुठल्याशा मंडळाचं सत्काराचं आमंत्रण होतं. सत्कार म्हटल्यावर साहेब आतून बोलत नसत. ते उठून बाहेर गेले.

बाईनं डब्याकडे पाहिलं. “हे लाल बत्ती कायची लुकलुकते गा?”

हिरवी रेघ चौकटीच्या वर आदळली.

मी आधी रेघेकडे पाहिलं, मग बाईकडे. “काय म्हटलं? परत बोल.”

“लाल बत्ती म्हटलं. बह्यरा झाला काय?”

रेघ पुन्हा चौकटीत मावेना. पट्ट्या सगळ्या वर होत्या, त्यामुळे तिचा आवाज फाटत होता. मी घाईनं पट्टी खाली आणली, बूस्टची टिक काढली. “आता गाय. रोवणीचं, लग्नाचं, कुठलंही.” तिनं एक ओळ घेतली. ती रेघ कशी फुगली! पावसाळ्यात नदी पाहतो तशी मी ती पाहत होतो. दुसरी ओळ सुरू झाली आणि फाटकाच्या आत साहेब खोकले. येताना ते नेहमी खोकत. बायकांनी आवरून बसावं म्हणून पुरुषानं दारात खोकायचं, ही आमच्याकडची रीत आहे आणि साहेब ती आंगणाच्या सुरुवातीपासून पाळत. खोकला झाला आणि रेघ जिथल्या तिथे पडली. बाईचे ओठ हलत होते. गाणं चालू होतं. तिनं आवाज कमी केल्याचं तिला माहीतही नव्हतं.

साहेब आत आले, बसले. मी पडद्याकडे बघून हसू दाबत होतो. दोन दिवस आम्ही भोकं, पट्ट्या, टिक, कार्ड, नस, गाठ सगळं तपासलं होतं. भासऱ्याच्या कानी भाऊसुनेचा आवाज पडू नये, हे आमच्याकडे इतकं रोजचं आहे की ते कुणाला दिसत नाही. मी स्वतः त्यातच वाढलेलो. तिनं लग्न होऊन आल्यापासून या माणसाच्या हजेरीत एक शब्द कुजबुजीच्या वर काढला नव्हता. आणि गाणी कोणती, तर बांधीतली, जिथे पुरुष नसतात. त्यांत सासू आहे, दीर आहे, आणि भासरा तर हमखास आहे. त्याचं वर्णन काही प्रशस्तिपत्रक नाही. आणि हे गाणं भरायला कोण बसवला होता समोर, तर भासराच. सांस्कृतिक संपदा म्हणून.

मी शक्य तितक्या नरमाईनं म्हटलं, “साहेब, मशीन चांगलं आहे. तुम्ही थोडा वेळ बाहेर बसलात तर होईल.”

“मी? काऊन?”

“तुमच्यापुढे तिचा आवाज निघत नाही. रीत आहे.”

साहेबांनी माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे पाहिलं, चपला काढल्यात का ते बघायला. “म्हणजे माह्याच घरात, माह्याच मशीनवर, मलेच भायेर? मी कधी मना केलं काय तिले? गाय म्हणा. मोठ्यानं गाय म्हणा. माही परवानगी हाये.”

आणि भिंतीकडे बघत, मोठ्यानं, “परवानगी हाये!”

बाईनं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. परवानगीनं तर तिची कुजबुजही गेली. भाऊजी दारात येऊन उभे होते आणि चौकट धरून मान हलवत होते, कुणाच्या बाजूनं ते त्यांनाही ठरवता आलं नसावं.

“पाह्यलं?” साहेब म्हणाले. “मी म्हटलं ना. गळ्यातच नाई.”

तेव्हा बाई माझ्याकडे वळली. साहेबांकडे पाठ, पदर तसाच खाली ओढलेला. भासऱ्याशी थेट बोलायचं नसतं, त्यामुळे असं काही सांगायचं असलं की तिसऱ्याच्या तोंडावर सांगतात. ते तिनं रीतसर केलं. फक्त आवाज तिनं बांधीतला लावला, जो चार बांध्या ओलांडून जातो.

“बाबू, साहेबाइले सांग. गळ्यात आवाज हाये. ते भायेर जाऊन बसतीन तं गातो. नाई तं मी अशीच जातो नागपूरले, एसटीनं जातो, आन्‌ आवाज गेला तं त्याइच्या मशीनपायी गेला असं समजीन.”

मला सांगायला उरलं काय होतं? चक्कीवाल्यानंही ऐकलं असेल. साहेबांचा चेहरा पानासारखा रंगला. पण रीत त्यांनाही लागू होती. तेही तिच्याशी बोलू शकत नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“पावने, सांगा त्याइले. बोलाची पद्धत असते.”

“बाबू, सांग. पद्धतीनंच बोलून राह्यली. तुह्याशी बोलून राह्यली.”

“पावने, सांगा. हे घर माहं हाये.”

“बाबू, सांग. मी कुठी नेऊन राह्यली घर? गाणंच तं म्हणून राह्यली.”

दोघं हाताच्या अंतरावर आणि मधे मी, पोस्टाच्या डब्यासारखा. भाऊजी चौकटीत. रेकॉर्डिंग कुणी बंद केलं नव्हतं. हिरवी रेघ दोघांच्या वेळी सारखीच फुगत होती.

शेवटी साहेब उठले. डब्यावरची झालर सरळ केली, जणू तेवढ्यासाठीच उठले होते, आणि भाऊजींना म्हणाले, “मले तसंही आंगणात काम हाये.” आंगणात त्यांना काय काम होतं ते नंतर कळलं.

दार ओढून घेतलं. बाई उठून खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसली असावी. तिनं पदर मागे सारला आणि गायली. रोवणीची, हळदीची, वरात अडवायची. भासऱ्याची तर तिनं शोधून शोधून काढली असं मला वाटलं, पण मी तसं म्हटलं नाही. मधून आंगणात साहेब खोकत होते. आधी वाटलं खराच खोकला आहे. मग ध्यानात आलं की तो कडव्याच्या शेवटी, श्वास घ्यायच्या जागी येतोय. तेच ते काम. पण दाराआडून, आणि आता तिचा आवाज खाली आला नाही. पहिल्या खोकल्याला रेघ जरा थरथरली. दुसऱ्याला नाही. नंतरच्या खोकल्यांवर ती वर चढवून गायली.

संध्याकाळी मी तिला हेडफोन लावून सगळं ऐकवलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “माय, मी एवढी मोठ्यानं गातो काय?” आणि परत पहिल्यापासून लावायला सांगितलं.

सीडी साहेबांनीच काढली. क्लासवाल्याकडून वर रंगीत कागद छापून घेतला. त्यावर ‘संकल्पना, मार्गदर्शन व निवेदन’ याखाली त्यांचं संपूर्ण नाव, हुद्दा, कंसात ‘निवृत्त’. त्याच्या खाली बारीक अक्षरात, ‘स्वर : घरातील महिला मंडळी’. पुढचं त्यांनी कधी ऐकलं नाही. प्रास्ताविक संपलं की ते बंद करत. त्यामुळे त्या प्रास्ताविकानंतर लगेच “बाबू, साहेबाइले सांग” इथपासून सगळा पत्रव्यवहार त्या सीडीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. सीडीसाठी गाणी जोडून देताना मी तो काढून टाकणार होतो. बाई म्हणाली, राहू दे.

ऑपरेशन चांगलं झालं. जीपनंच गेली, जीपनंच आली. साहेबांनी वाटेत एक शब्द काढला नाही, आणि यात रीत किती आणि राग किती हे वेगळं करता येत नव्हतं. गाठ निघाली. आवाज मात्र परत आला तो वेगळाच. जाड, खरबरीत, वरच्या पट्टीत जाताना तुटणारा. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सुधारेल. थोडा सुधारला. गाण्याइतका नाही. रोवणीला ती अजून जाते, पण सुरुवात दुसरी कुणी करते.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा भाऊजींनी सीडी लावायचा डबा घेतला होता, सोबत दोन मोठे स्पीकर. दुपारी जेवणं झाली आणि बाईनं सीडी लावली. प्रास्ताविक तिनं बटण दाबून ओलांडलं. आवाजाची चकती शेवटपर्यंत फिरवली. “बाबू, साहेबाइले सांग,” असं ती खणखणीत म्हणाली आणि एका विटेची भिंत थरथरली. भाऊजी म्हणाले, रोज हेच आहे, साहेब दुपारी आडवे झाले की. मग गाणी लागली. भासऱ्याचं गाणं आलं, त्यात कडव्याच्या शेवटी साहेबांचा खोकला आला, आणि त्याच वेळी भिंतीपलीकडून साहेबांचा ताजा खोकला आला. बाईनं तांदळाच्या सुपावरून मानही वर केली नाही.

थोड्या वेळानं भाऊजींना पलीकडे बोलावणं आलं. ते गेले आणि पडेल चेहऱ्यानं परत आले.

“साहेब म्हणून राह्यले, आवाज कमी करा.”

बाईनं सूप खाली ठेवलं. तिला आता मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून ती माझ्याकडे वाकली आणि तिच्या त्या नव्या, फुटक्या आवाजात म्हणाली, “त्याइले सांग, आवाज कमीच भरला होता. त्याइच्या मशीनमधी दोष हाये.”

आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.